अहवालातला ‘असावा’

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार, दुपारचे साडेतीन. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्यातली चौकशीची खोली. माणसे तीन, खुर्च्या दोन. एका खुर्चीत प्लांटचे प्रमुख गुरुदत्त साहेब, दुसरीत त्यांच्या हाताखाली नव्याने लागलेली अस्मिता. ऑपरेटर हिरामण उभा होता.

कारखान्यातल्या अपघाताचा अहवाल इंग्रजीत होता. कामगाराला तो मराठीत वाचून दाखवायचा आणि समजला म्हणून त्याची सही घ्यायची, असा तिथला रिवाज. वाचायचे अस्मिताने, कारण इंग्रजी मसुदा तिचा होता. निदान सकाळपर्यंत तिचा होता. मग साहेबांनी तिला शेजारी बसवून, आवाज न चढवता, पेन्सिलीने तो दुरुस्त केला. “चांगलं इंग्रजी कुणाकडे बोट दाखवत नाही,” ते म्हणाले होते. “‘अलार्म मे हॅव बीन डिस्कनेक्टेड.’ बघ, किती अदबीने बसतं.”

हिरामण शिवमंदिराजवळच्या तिच्याच गल्लीतला. रोज फाटकावर “जय भीम, पोरी” म्हणणारा. आज आत येताना त्याने नुसती मान हलवली.

ती वाचू लागली. “रिअ‍ॅक्टरचं तापमान मर्यादेबाहेर गेलं असावं. अलार्मची वायर काढली गेली असावी. त्यामुळे सूचना मिळू शकली नसावी. एका हेल्परच्या डोळ्यांना इजा झाली असावी.”

“असावी?” हिरामण म्हणाला. “मुकेशचे दोन्ही डोळे गेले, मॅडम. काल हॉस्पिटलात मला आवाजावरनं ओळखलं त्याने.”

“डॉक्टरांचा शेवटचा दाखला यायचाय,” साहेब म्हणाले. “तोवर आपण ठाम बोलत नाही.”

“आणि वायर? वायर मी काढली, साहेब. तुम्ही बाजूला उभे होतात. हे दिवसभर बोंबलतंय, माल निघत नाही, काढून टाक, असं तुम्हीच बोललात ना? मग लिहा की तसं. माझं नाव टाका तिथे.”

साहेबांच्या चेहऱ्यावर खरोखरीची कणव आली. “हिरामण, तिथे तुझं नाव नको. मी तुला वाचवतोय.”

“पुढे वाच,” ते अस्मिताला म्हणाले.

पुढच्या ओळीशी ती थबकली. मग एका दमात वाचून मोकळी झाली. “ऑपरेटर हिरामण कामाची जागा सोडून गेला होता. या दुर्घटनेला तो जबाबदार आहे.”

“ड्रम आणायला गेलो होतो,” हिरामण म्हणाला. “माणूस दिला नव्हता जादा. दोघात तिघांचं काम.”

“जागेवर नव्हतास, हे खरं ना?”

“खरं.”

“झालं तर.”

“म्हणजे मी घरी बसायचं.”

“त्याबाबत योग्य तो निर्णय घेतला जाईल.”

अस्मिताने टेबलावरची पेन्सिल उचलली. “सर, या वाक्यातही ‘मे हॅव’ घालू का? ‘जबाबदार असू शकेल’ असं?”

साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “अस्मिता, अहवालात एक तरी वाक्य ठाम लागतं. नाहीतर वरचे विचारतील, चौकशी केली कशाला?” चष्मा पुन्हा नाकावर चढला. “पुढच्या महिन्यात तुला कायम करण्याबद्दल मला लिहायचंय. तिथेही ठामच लिहायची इच्छा आहे माझी.”

तिने पेन्सिल खाली ठेवली. ती घरंगळत टेबलाच्या कडेला गेली. हिरामणने पडता पडता झेलली आणि परत तिच्यासमोर ठेवली.

“नाही केली सही, तर?” त्याने विचारले.

“तर ‘हिरामणने सही करण्यास नकार दिला’ असं लिहावं लागेल.” साहेबांनी स्वतःची सही केली, कागद सरकवला आणि वाजणारा फोन कानाला लावून ते बाहेर गेले.

खोलीत दोघेच उरले. रिकाम्या खुर्चीकडे बघत अस्मिता हळूच म्हणाली, “काका, बसा ना.”

हिरामण बसला नाही. खिशातले पेन काढून तो कागदावर वाकला.

“कुठे करू सही, मॅडम?”

तिने बोट ठेवले, तिथे त्याने केली. त्याखाली वाचून दाखवणारीची जागा होती. तिथे तिने केली.

सह्या तीन. मजकुरात नाव एक.