दोन चौकटी

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी लेथ मशीन चालवणाऱ्या टर्नरच्या धाकट्या लेकीला इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचा होता. पदवीनंतर तिला बायोमेडिकल करायचं होतं. लेथवर बापाच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून तिचं एकच पालुपद, "मी हात बनवणार." पण आधीची चार वर्षं कुठली शाखा घ्यायची, यावरून घरात रोज जुंपायची.

"हात म्हणजे सांधे. सांधे म्हणजे मेकॅनिकल," टर्नर म्हणायचा.

"आणि त्या सांध्यांना हुकूम कोण सोडणार, दादा? तुझा लेथ?" धाकटा भाऊ विचारायचा. कोपऱ्यावर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. "इलेक्ट्रॉनिक्स घे गं. बापाच्या नादी लागलीस तर जन्मभर बोल्ट आवळशील."

पोरगी खो खो हसायची. टर्नरच्या पोटात दुखायचं.

रोज संध्याकाळी ती काकाच्या दुकानात. कामावरून येताना टर्नरला काचेतून दिसायचं: एकाच उघड्या रेडिओवर वाकलेली दोघांची डोकी, मध्ये सोल्डरिंगचा धूर. बापाच्या वर्कशॉपमध्ये ती दोनदाच आली होती, तीही कानांवर हात ठेवून.

"आज काय शिकवलं काकानं?"

"सांगून कळणार आहे का तुम्हाला?" ती चिडवायची. टर्नर ताट सारून उठायचा.

शेवटच्या दिवशी सकाळी भरलेला फॉर्म टेबलावर होता. भाऊ येऊन तो कॉलेजात नेऊन देणार होता. पोरगी अंघोळीला गेली होती. टर्नरनं पालकाची सही ठोकली. इंग्रजी आकडे त्याला येत, अक्षरं नाही. शाखांच्या यादीत दोनच चौकटी भरलेल्या होत्या: एकीत 1, दुसरीत 2. पहिला नंबर कुणाला गेला असणार, हे कळायला अक्षरं कशाला लागतात?

त्यानं दाढीचं पातं आणलं. केसाइतकाही फरक न होऊ देणारा हात; शाई अलगद खरवडली, तिच्याच पेनानं आकड्यांची अदलाबदल केली, फुंकर मारली.

भाऊ आला. फॉर्मची घडी खिशात घालत पोरीला म्हणाला, "काय गं, वाटेत फिरवू का आकडे?"

पोरगी हसली. त्या दिवशी टर्नरही हसला.

यादी लागली. पोरगी बघून आली ती थेट आत जाऊन बसली.

"काय मिळालं?"

"इलेक्ट्रॉनिक्स."

टर्नर दारातच थांबला.

"मी पहिला नंबर मेकॅनिकललाच दिला होता, बाबा. तुमच्या हाताखाली शिकायचं होतं मला. फॉर्म काकांनी नेला. त्यांनी खरंच फिरवले आकडे." तिनं डोळे पुसले. "आता त्या दुकानाची पायरी चढणार नाही मी."

कॉलेज सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, भाऊ दुकानातच वारला. तोवर पोरगी तिकडे फिरकली नव्हती, आणि टर्नर काही बोलला नव्हता.