छाटलेली कड
आई जाऊन वर्ष लोटले, तरी पलीकडच्या खोलीत बाबा तिच्याशी बोलत बसत. “दादा, आता डॉक्टरांना दाखवायलाच हवं,” बहीण म्हणाली. “बोलू देत गं. आई असताना कुठे मिळालं त्यांना बोलायला?” म्हणत मी स्वतः काढलेल्या बाबांच्या छायाचित्रांच्या कच्च्या, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. कॅमेऱ्यासोबतचे सॉफ्टवेअर चित्राची कड मुकाट्याने छाटत असे. हे छाटत नव्हते. त्या वाढीव पट्टीत बाबांच्या खुर्चीशेजारी एक हात होता. बोटात पितळी अंगुस्तान. शिवताना आई घालीत असे तेच, अंत्यविधीत आम्ही तिच्यासोबत ठेवलेले. पुढच्या चित्रात तोच हात बाबांपुढे पसरला होता. आज सकाळच्या चित्रात बाबांनी तो घट्ट धरला होता. “बघ, थांबलं त्यांचं बोलणं,” बहीण समाधानाने म्हणाली. तेवढ्यात पलीकडून काहीतरी घरंगळत माझ्या पायाशी आले. मी उचलले, अंगुस्तान अजून कोमट होते.