धुराच्या अलार्मची बॅटरी

माझा हा पहिलाच सौदा. क्लीव्हलंडमधलं हे भाड्याचं घर मालकाकडून खरेदीच्या करारात बांधून घ्यायचं आणि तोच करार नफ्यात पुढे लमॉन्ट नावाच्या गुंतवणूकदाराला विकायचा. मालक कोवाल्चिकनं किंमत इतकी कमी सांगितली, की माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"भाडेकरू सोन्यासारखी," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत तोंडातून तक्रारीचा शब्द नाही."

भाडेकरू ओडेसाबाई स्वयंपाकघरात गप्प बसल्या होत्या. छत कोरडं, नळ ठीक, तळघरात ओल नाही. खोट काही सापडेना. फक्त छताला लावलेला धुराचा अलार्म मधूनमधून 'चिक्' करत होता, बॅटरी संपत आली की करतो तसा.

"बाई, बॅटरी बदलून देऊ?"

त्यांनी घाईघाईनं नकारार्थी मान हलवली. तरी मी खुर्चीवर चढलो आणि झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. साधी वायरसुद्धा नाही.

चिक्.

आवाज या वेळी खालून आला. ओडेसाबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता.

"सही करताय ना?" कोवाल्चिकनं पेन पुढे केलं.

रिकाम्या अलार्मपायी सौदा कोण सोडतं? मी सही केली.

ओडेसाबाईंनी हात खाली घेतला. "आता लेकीला फोन करते," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकला.

गाडीत बसून, काचा लावून मी लमॉन्टला फोन केला आणि घराबद्दल सगळं सांगितलं.

"भावा, आधी त्या घरातून बाहेर ये," तो वैतागला. "अलार्मपुढे तुझं काही ऐकू येत नाहीये."

मी गाडीत आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं.