बारमाही फूल

"काका, हे फूल बारमाही आहे, कोमेजायचं नावच घेणार नाही," नर्सरीवाला म्हणाला. घेईल कसं? निवडुंगाच्या शेंड्यावर त्यानं लाल कापडी फूल डिंकानं चिकटवलं होतं.

मी ती कुंडी मुद्दाम कुंपणावर ठेवली. शेजारचे त्र्यंबकअण्णा रोज पहाटे आपल्या गणपतीसाठी आमची जास्वंद ओरबाडून नेत. आमच्या गणपतीला फूल कधी उरतच नसे. अण्णांना जरा काटे टोचावेत, एवढीच माझी इच्छा.

काटे टोचले, पण फूल गेलंच. अण्णांना मोतीबिंदू, आणि त्यांच्या सोवळ्यातल्या देवाला दुसरा हात लावणार कोण? आठवडा झाला तरी फुलाचं निर्माल्य होईना. "देवानं फूल ठेवून घेतलंय!" अण्णांनी जाहीर केलं. "आता दुसरं वाहायचं नाही!" शपथेवर सांगतो, दर्शनाची रांग आमच्या न्हाणीघरातून गेली.

मी बिंग फोडायला निघालो, तर बायकोनं दंड धरला. "गप्प बसा!" तिच्या परडीत आमचीच जास्वंद मावत नव्हती. अण्णांकडे जाऊन तिनं मनोभावे हात जोडले.

"जागृत आहे हो, अण्णा, तुमचा गणपती," ती म्हणाली. "आम्हाला तर लगेच पावला!"