कुशाबाची साक्ष

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात जमावबंदी मोडली म्हणून गिरणी कामगार गुणाजीला पकडलं, तेही परळच्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या कुशाबा हवालदारानं. खटल्याच्या दिवशी सकाळी तोच त्याला शिकवायला आला.

"गुन्हा कबूल नाही म्हण. मी साक्षीत सांगतो, हा तो माणूस नव्हे."

"आणि तुझं खोटं पकडलं तर?"

"नोकरी जाईल. तू तुझं बघ."

कोर्टात मॅजिस्ट्रेटनी कुशाबाला विचारलं, "पकडलेला माणूस हाच का?"

कुशाबा तोंड उघडणार, इतक्यात गुणाजी म्हणाला, "त्यांना नका विचारू साहेब, त्यांनी शपथ घेतलीय. मीच होतो."

आठ दिवसांची कैद झाली. तुरुंगापर्यंत कुशाबानंच पोचवलं. बेडी घातली नाही, पण वाटभर गुणाजीचा हात सोडला नाही.