फिकट निळ्या पेशी

“नाही चालणार,” सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता ती म्हणाली.

शेजारच्या टेबलावर बाईंचा हात थांबला. प्रयोगशाळेच्या प्रमुख असल्या तरी त्यांना सगळे बाईच म्हणत. त्यांचं मोजून केव्हाच झालं होतं आणि त्यांच्या मते पेशी उत्तम होत्या.

पेशी डुकराच्या यकृताच्या होत्या, इथेच तळहाताच्या फोडासारख्या जपून वाढवलेल्या. त्या भरलेल्या यंत्रातून रोग्याचं रक्त फिरवलं, की त्याचं स्वतःचं यकृत सावरेपर्यंत त्याला तग धरता येतो. खालच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ त्यांचीच वाट पाहत होता. शुद्धीत होता तोवर थट्टाही करत होता, की ताई, उद्या चिखलात लोळायला लागलो तर आवर मला. आता तो हाकेला ओ देत नव्हता. नव्या पेशी वाढेपर्यंत तो राहणार नाही, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

पेशींवर निळा रंग घालायचा. मेलेली पेशी रंग पिऊन गडद होते, जिवंत पेशी त्याला दाद देत नाही. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आणि एकीने जरी नाही म्हटलं तरी सगळं फेकून द्यायचं. नियम बाईंचाच. आज त्यांनी तिला घरी जायला सांगून पाहिलं होतं, पण मोजणारं तिसरं कुणी नव्हतं आणि ती हटून बसली. भावासाठी डोळेझाक केली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिने डोळ्यांत तेल घालून मोजलं. ‘नाही’ म्हणताना तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं होतं.

बाई उठल्या आणि तिच्या सूक्ष्मदर्शकात वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

“ह्या फिकट दिसतात, त्या तू कशात धरल्यास?”

“मेलेल्यांत.”

“आणि एरवी?”

एरवी त्या जिवंतांत जात. अशी फिकट झाक शेजारच्या रंगाची असते, तिला भुलू नका, असं नव्या लोकांना तीच बजावत असे.

“भाऊ आहे माझा, बाई,” ती कशीबशी म्हणाली. “पक्षपात व्हायला नको.”

“तो झालाच की,” बाई म्हणाल्या. “खाली कुणी परका असता, तर एव्हाना तू त्याला पेशी पाठवल्याही असत्यास.”