चांदीचा पाय

"आई, बस झालं आता. रोपवेच्या ट्रॉलीत बस, नाहीतर सरळ परत फीर," रविराज पहिल्या पायरीवर आडवा उभा राहिला.

यशोदाबाईंनी पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि लेकाला कोपरानं बाजूला सारून चढायला लागल्या. दिंडोरीपासून तीन दिवस अनवाणी चालून त्या सप्तशृंगी गडावर आल्या होत्या. डावा गुडघा सुजून भोपळा झाला होता. समोर देवळापर्यंतच्या शेवटच्या पाचशे पायऱ्या, आणि कमरेला रुमालात बांधलेला चांदीचा पाय. बोटभर उंचीचा, पत्र्याचा.

तो पायच सगळ्या भांडणाचं मूळ. सावळीराम, त्यांचा नवरा, लकव्यानं अंथरुणाला खिळला तेव्हा यशोदाबाई नवस बोलल्या होत्या. यांना चालतं कर, मी माझ्या पायांनी गड चढीन, तुला चांदीचा पाय वाहीन. बाईची खात्री एवढी, की दुसऱ्याच दिवशी पाय घडवून मोकळी! सोनार म्हणालासुद्धा, "मावशी, हे नवस फळल्यावर करतात." ऐकतंय कोण? पण सावळीराम काही उठला नाही. चैत्रात गेलाच.

मग काय, गल्लीला विषय मिळाला. "आधीच पाय घडवला, म्हणून देवी कोपली," शेजारची शकुबाई दहाव्याला भजी खाताखाता म्हणाली. आग लागो असल्या जिभेला! त्या दिवशी यशोदाबाई अंगणात आल्या आणि गडाच्या दिशेनं ओरडल्या, "अठरा हात हायेत तुला. एक लावता आला नाय?"

ते रविराजच्या डोक्यातून जात नव्हतं. आईचा राग त्याला ठाऊक होता. द्राक्षाच्या बागेत मुकादम वाकडं बोलला, तर भरलेला क्रेट त्याच्या अंगावर फेकणारी ही बाई. देवळात तो पाय देवीवर भिरकावला तर?

"अगं, नवस फळलाच नाही. मग फेडायचा कशाला? लोक हसतात आपल्याला," तो मागून चढत म्हणाला.

"हसू दे. दात हायेत त्यांना."

तीनशे पायऱ्या झाल्या आणि गुडघा दुमडला. यशोदाबाई कठड्याला धरून मटकन खाली बसल्या. वेदनेनं डोळ्यांत पाणी आलं. रविराजला भडभडून आलं. तो पुढं होऊन वाकला. "पाठीवर बस माझ्या. आई, ऐक ना गं."

"माझ्या पायांनी चढीन म्हणले होते. तुझ्या नाय."

उठल्या. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. दोन तास लागले.

देवीसमोर त्यांनी रुमालाची गाठ सोडली. रविराजनं घाबरून त्यांचा पदर घट्ट धरला. पण यशोदाबाईंनी पाय दोन्ही हातांनी, अगदी जपून, पुजाऱ्याच्या तबकात ठेवला. पुजाऱ्यानं तो देवीच्या पायांशी नेला. त्यांचा सुजलेला गुडघा बघून त्याचा आवाज मऊ झाला. "मावशी, लय कष्टानं आलात. मागा, आईकडं काय मागायचं ते."

यशोदाबाईंनी देवीच्या डोळ्यांत डोळे घातले.

"मागायला नाय आले. दिलेला शब्द पाळतात कसा, ते हिला दाखवायला आले."